.३२ च्या रिव्हॉल्वरला नक्की कुठलं काडतूस? डब्यात दोन प्रकारची निघालीत

बेदाणा_तासगाव
नमस्कार मंडळी. वडिलांचं .३२ रिव्हॉल्वर होतं, कानपूरचं, वरनं मोडून उघडतं ते. ते गेल्यावर वारसाचे सगळे कागद करून परवाना आता माझ्या नावावर झालाय. आमची वस्ती रानात, गावापासनं लांब, आणि सीझनला शेडमधे रॅकवर बेदाणा असतो, आई बायको पोरं सगळी तिथंच राहतात म्हणून हे ठेवलंय, हौस म्हणून नाही.
आता प्रश्न असा की कपाटातल्या जुन्या डब्यात काडतुसं निघाली ती दोन जातीची आहेत. काही लांब, पुढं शिशाची करडी गोळी. काही आखूड, गोळीवर तांब्याचा मुलामा. त्यातल्या चार-पाचांवर हिरवं चढलंय. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला दोन्ही .३२ च, दोन्ही चालतील. मला ते पटेना. शिवाय एक मित्र म्हणतो .३२ मधे दम नाही, ९ एमएम घे. जाणकारांनी सांगा, घाई नाही पण नीट सांगा.

माजी_सुभेदार_सातारा
भाऊ, पहिली गोष्ट, डबा बाजूला ठेवा आणि त्यातलं एकही काडतूस सिलेंडरमधे घालून बघू नका. "बसतंय का बघू" हाच सगळ्यात घातक प्रकार आहे, कारण आखूड काडतूस तुमच्या रिव्हॉल्वरमधे बसू शकतं.
आता ओळखायचं कसं ते. उजेडात काडतूस उलटं धरून बूड बघा. मधे गोल टोपी असते जिच्यावर घोडा आपटतो, तिच्या कडेनं अक्षरं ठोकलेली असतात. केएफ असेल तर ते आपल्या खडकीच्या कारखान्याचं. पुढं जात लिहिलेली असते, ती वाचा. तुमच्या रिव्हॉल्वरला लागतं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, यालाच ७.६५ × २३ म्हणतात, म्हणजे पुंगळीच, दारू भरलेलं पितळी नळकांडं, साधारण २३ मिमी लांब. बुडाची कड बाहेर आलेली असते, त्या कडेवरच ते चेंबरमधे, म्हणजे सिलेंडरच्या भोकात, अडकून राहतं. आखूड आहे ते बहुतेक .३२ एसीपी, ७.६५ × १७, ते पिस्तुलाचं, मॅगझिनमधे भरायचं. त्याची कड अगदी नावाला असते आणि कडेच्या वर खाच असते, नखानं लागते बघा.
दोन्हीवर ७.६५ किंवा .३२ लिहिलेलं असतं म्हणून लोक गल्लत करतात. पण पिस्तुलाच्या काडतुसाचा दाब जास्त, अमेरिकन मापात २०,५०० पीएसआयपर्यंत, आणि लाँगचा १५,००० पर्यंत. ती कड सिलेंडरमधे धड टेकतही नाही. बसतंय म्हणजे चालतंय असं नाही. रिव्हॉल्वरच्या नळीवर किंवा बॉडीवर काय ठोकलंय ते आणि काडतुसाच्या बुडावरचं, दोन्ही जुळलं तरच घ्यायचं. दुकानदार काही म्हणू दे.

विट्याचा_पैलवान
सुभेदार साहेब बरोबर बोलले. ९ एमएमचं मित्राला सांगा की ते प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेल्या मापाचं आहे, साध्या नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. म्हणून तर आपल्याकडं सगळं .३२ वर चालतं. उगाच कुणी कुठनं जुगाड करून देतो म्हणाला तर त्या वाटेला जाऊ नका, आयुष्य जाईल कोर्टात.
दमाचं म्हणाल तर .३२ लाँगची गोळी ९८ ग्रेन, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या आसपास, वेग कमी. ताकद कमी आहे हे खरंय, पण झटकाही कमी, त्यामुळं नेम धरायला सोपं. ताकदवान हत्यारानं चुकलेल्या गोळीपेक्षा हे बरं. आणि लागल्यावर फुलणाऱ्या गोळीच्या मागं लागू नका, एवढ्या कमी वेगाला ती धड फुलत नाही आणि आतही जात नाही. साधी, ताजी, कारखान्याच्या डब्यातली घ्या.

वकील_सांगली
एक मुद्दा कुणी मांडला नाही. तुमच्या घरी पिस्तूल कधी नव्हतं ना? मग ती आखूड काडतुसं कुठल्या परवान्यावर आहेत? परवान्यात हत्यार, बोअर आणि काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. त्यात न बसणारी काडतुसं घरात ठेवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, वडिलांच्या काळची असली तरी. उद्याच पोलीस ठाण्यात फोन करून विचारा आणि ती लेखी अर्ज देऊन जमा करा, पोच घ्या. कलम २१ मधे पोलिसांकडं किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायची तरतूद आहे. लांबचीही मोजून परवान्याशी ताडून बघा.
दुसरं, स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मधे आहे. कुणी बेदाण्याची पेटी उचलून पळतोय म्हणून त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. जिवाला किंवा गंभीर दुखापतीला धोका आहे अशी वाजवी भीती, जबरी चोरी, सूर्यास्तानंतर घर फोडून आत येणं, अशा प्रसंगांपुरताच तो हक्क जीव घेण्यापर्यंत जातो, आणि तिथंही गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. माल गेला तर परत पिकवता येतो. आधी दार लावून आत थांबा, ११२ लावा, शेजारच्या वस्तीला हाक द्या.

बेदाणा_तासगाव
खूप खूप आभार. भिंगातनं बघितलं, लांबच्या बुडावर केएफ आहे आणि .३२ स्पष्ट आहे. आखूड सगळी वेगळी, त्यावर ७.६५ आहे आणि कडेवरची खाचपण लागली. वकील साहेब, सकाळीच ठाण्यात जातो. लांबची मोजली, मर्यादेत आहेत. पण हिरवी झालेली पुसून वापरता येतील का? आणि रानात एकदा चालवून बघू का?

माजी_सुभेदार_सातारा
नाही, दोन्हीला नाही. नुसतं पितळ काळवंडलं असतं तर वेगळं, हिरवं म्हणजे धातू खाल्लाय. घासून चकाकी येईल, पण आतली दारू नि टोपी कशी आहे ते कळत नाही. तीपण जमा करा. आणि तेल किंवा गंज काढायचा स्प्रे काडतुसावर कधी मारू नका, ते टोपीत झिरपतं आणि ऐन वेळी नुसता टक आवाज येतो.
रानात चालवायचं तर बिलकूल नाही. नेमबाजीच्या रेंजवर जावा, तिथं परवाना दाखवून, शिकवणारा सोबत घेऊन. टक झालं आणि गोळी सुटली नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कधीकधी उशिरा पेटतं. आणि आवाज एकदम बारका आला, फुस्स झालं, तर पुढची गोळी झाडायची नाही, आधीची नळीत अडकलेली असू शकते.

मिरजकर_ताई
मी एक सांगते, माझ्या सासऱ्यांकडं आहे म्हणून. शेडचा पत्रा आणि शेडनेट गोळीला अडवत नाही, पलीकडं मजूर झोपलेले असतात, तुमची पोरं झोपलेली असतात. कुठल्या दिशेला काय आहे हे दिवसा उभं राहून बघून ठेवा. आणि कुलूप. पोरांच्या हाताला लागेल असं काहीही नको, किल्ली तुमच्याकडं नि घरातल्या एकाच मोठ्या माणसाकडं.

बेदाणा_तासगाव
हो ताई, किल्लीचं तर आजच करतो. वडील चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं खोचून ठेवायचे, ते चालतं का?

माजी_सुभेदार_सातारा
त्यानंच तर ती हिरवी झाली. चामडं कमावताना जे रसायन वापरतात ते पितळ खातं. पट्टा आठवण म्हणून ठेवा, काडतुसं कारखान्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोरड्या जागी, रिव्हॉल्वरपेक्षा वेगळ्या कुलपात. नवीन घेताना खोक्यावरची तारीख वाचा आणि पावती जपा.