भावकी ग्रुप: शाळेपुढचा लढाईचा दगड

वैनी: पंचायतीचं एस्टिमेट बघितलं का सगळ्यांनी? शाळेपुढच्या लढाईच्या दगडाला चारी बाजूनं ग्रॅनाइट, स्टीलचं रेलिंग, वरनं फोकस आणि जुन्या फरशीला ऑइलपेंट मारून अक्षरं सोनेरी. २६ जानेवारीच्या आत उरकायचं म्हणतायत. आपल्या भावकीनं किती द्यायचे ते ठरवा.

भाऊ (पुणे): चांगलंच आहे की. इतकी वर्षं जनावरं बांधत होते तिथं. माझे ५ हजार धरा.

दादा: माझे पण धरा, पण ऑइलपेंटला आणि ग्रॅनाइटला माझा विरोध आहे. जरा मोठं लिहितोय, वाचा. काल तिन्हीसांजेला मी आणि तात्या तिथं गेलो, घाणेरी न् गाजरगवत उपटलं, फरशीवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली आणि अंधार पडल्यावर मोबाइलची बॅटरी फरशीला चिकटवून आडवी धरली, म्हणजे उजेड समोरून न पडता बाजूनं सरपटत जातो आणि खोदलेल्या प्रत्येक अक्षरात सावली उभी राहते. मजकूर इंग्रजीत आहे, या गावातून ४१ माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत, नुसता आकडा. आपण लहानपणापासून तीनच म्हणत आलो कारण कुठल्यातरी पेंटरनं काळ्या रंगानं इंग्रजी तीन काढलाय. तो तीन नाही. डावीकडच्या दोन्ही गोलाई जुन्या रंगानं बुजल्यात, पण खाच आहे, नखाला लागते. आठ आहे तो. पाच माणसं आपल्याच रंगाखाली गेली.

तात्या: व्हय. माज्या बी बोटाला लागली खाच. सत्तर वर्सं तिथनं जातोय मी. रात्री डोळ्याला डोळा न्हाय लागला.

आत्या (कराड): अगं बाई. आजी सांगायची ना, तिचे चुलत सासरे बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत म्हणून. ते मग तिनात की आठात?

दादा: तेच तर आत्या. आपल्या जिल्ह्यातली लय माणसं तिकडंच गेली, इराकात. तिथल्या कूत अल अमारा गावात इंग्रजांच्या फौजेला तुर्कांचा डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत १४७ दिवस वेढा पडला होता, आत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या, शेवटी उपासमारीनं शरण गेले आणि तेरा हजारांच्या आसपास लोक कैदी झाले. बसऱ्याला मोठं स्मारक आहे, त्याच्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरलीत आणि हिंदी फौजेतल्या साध्या शिपायांचे फक्त आकडे. २०२१ साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं, म्हणजे लढाईत गेलेल्यांच्या कबरी न् स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेनं, स्वतःच कबूल केलं की हा दुजाभाव झाला. आपल्या दगडावर पण आकडाच, आणि तोही आपण चुकवला. मला हे सहन होत नाहीये.

आप्पा: इंग्रजांनी लावलेला दगड तो. त्यांच्या लढाईत गेलेल्यांसाठी एवढा जीव का काढायचा? आपले स्वातंत्र्यसैनिक आहेत की.

तात्या: आप्पा, लढाई त्यांची आसंल, पर मेलेल्यांच्या आया हितल्याच हुत्या न्हवं.

आप्पा: ते खरं आहे. बोला पुढं.

भाऊ (पुणे): दादा मग करायचं काय? ॲसिडनं धुतलं की रंग निघतो.

दादा: अरे अजिबात नको! संगमरवर आहे तो, ॲसिड पडलं की फसफसून दगडच विरघळतो, अक्षरांच्या कडा जातात. ग्राइंडर नको, तारेचा ब्रश नको. रंग काढायची पेस्ट मिळते, ती आधी एका कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर लावून बघायची, दगडाला काही होत नाही दिसलं तर पुढं जायचं, आणि मऊ झालेला रंग बांबूच्या चपट्या काडीनं उचलायचा. मग साधं पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश. वेळ लागेल, एकेका अक्षराला अर्धा अर्धा तास लागला तरी चालेल. खालच्या बाजूला कोणीतरी सिमेंट थापलंय, त्यानं ओल आत कोंडते, लोणा लागतो, म्हणून तिथं पापुद्रे सुटायला लागलेत. ते हळूच काढून चुन्यानं सांधे भरायचे. जाणकार माणूस मिळाला तर त्याच्याच हातनं. ग्रॅनाइट चिकटवलं तर आत काय चाललंय ते दिसणार पण नाही.

वैनी: पण भावजी, ग्रामसभेत ठराव झालाय. आणि लोकांना नवं काहीतरी दिसायला पाहिजे.

दादा: वैनी, ठराव बदलून घेऊ, सरपंचांशी मी बोलतो. नवं करायचंच तर शेजारी वेगळी पाटी करू, त्यावर आठ नावं, मराठीत. जुन्या फरशीला हात नको. नावं मिळू शकतात, त्या कमिशनच्या साइटवर शोधता येतं, बऱ्याच नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो, फक्त गावाचं स्पेलिंग कसंही असतं म्हणून चार-पाच तऱ्हेनं टाकून बघावं लागतं. यादी झाली की साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवू. आपल्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावानं त्याच युद्धात गेलेली आपली ४६ माणसं कशी जपली, आपल्याला आठ जड नाहीत. २६ जानेवारीला नाही झालं तर नाही झालं.

भाऊ (पुणे): साइटचं काम माझ्याकडं. आज रात्रीच बसतो.

दादा: आणि कुणाच्या घरात त्या लढाईचं जुनं चांदीचं पदक आहे का? कडेवर शिपायाचा नंबर, नाव, पलटण कोरलेली असते.

वैनी: आमच्या देव्हाऱ्यात आहे एक. दसऱ्याला शस्त्रांबरोबर पुजतो. दरवर्षी चिंचेनं घासते हो मी, कडेकडं कधी लक्षच गेलं नाही.

दादा: आता घासू नका वैनी. फक्त वाचून सांगा.

वैनी: चष्मा लावून बघितलं. ११७ दिसतंय. नाव झिजलंय, पहिलं अक्षर आर सारखं वाटतंय. पुढं चार आकडी नंबर आहे, शेवटचा इंग्रजी तीन का आठ कळंना.

दादा: बॅटरी आडवी धरा.