पोट्ट्यांवर सरकारी पैसा: बिघडायच्या आधी की नंतर?

संत्रानगरीकर: आमच्या वस्तीत परवा दोन पोट्टे मोबाइल हिसकावताना सापडले. एक पंधराचा, एक सतराचा, शाळा दोघांनीही सोडलेली. लगेच ‘ठोका, आत टाका’ सुरू. अरे, पोरगं पकडलं गेलं की बाल न्याय मंडळ, निरीक्षणगृह, पोरावर देखरेख ठेवणारा परिविक्षा अधिकारी, सगळा खर्च सरकार करतंच. तोच चार वर्षं आधी काहून नाही? विजय बारसे सरांनी २००१ मध्ये याच नागपुरात झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. पावसात तुटक्या बादलीला लाथा मारणारी पोरं दिसली, तिथून सुरुवात.

तर्रीवाला: बारसे सर एकच असतात भाऊ. सरकारी पैसा आला की काय होते, सांगू? आमच्याकडे ओपन जिम बसवली. आता त्या सायकलीवर एक काकू गोधडी वाळू घालते. उद्घाटनाचा फलक तेवढा चकचकीत. आणि ज्याच्या गळ्याला चाकू लागला त्याचं काय? सतरा वर्षं अकरा महिन्यांचा गडी, कायदा म्हणते बाळ!

काळा कोट: अर्धंच खरं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १६ ते १८ वयाच्या पोरानं किमान ७ वर्षं शिक्षेचा गुन्हा केला, तर मंडळ तपासणी करून त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायला पाठवू शकतं. त्याच कायद्यात कलम ८३ आहे. पोरांना गुन्ह्यात वापरणाऱ्या मोठ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख दंड. हिसकलेला मोबाइल घेतो कोण, हे विचारा की.

तर्रीवाला: मग त्याला धरा ना! फुटबॉल कुठून आला मधात?

निवृत्त बाई: मी एकोणीस वर्षं शिकवलं. आठवीतला एक, आधी सोमवारी दांडी, मग आठवडाभर. घरी गेले. आई धुणीभांडी करून नुकतीच आलेली, उंबऱ्यावर कोरे करकरीत बूट. विचारलं तर म्हणे, “वस्तीतल्या दादानं दिले.” संध्याकाळी पाच ते नऊ त्या पोराची चौकशी करणारा जगात तो दादाच. सक्तीच्या शिक्षणाचा कायदाही चौदाव्या वर्षी हात झटकतो. फुटबॉल नको तर नको, पण त्या चार तासांसाठी वस्तीत एक पगारी माणूस द्या. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा नको, पोरांना सवय लागेस्तोवर तो जातो.

संत्रानगरीकर: मिशन वात्सल्य ही बालसंरक्षणाची सरकारी योजना आहे ना, खर्चात केंद्र ६० टक्के, राज्य ४०. पण त्यातलं बरंचसं पोरगं अडचणीत आल्यावरचं. बाई म्हणतात ते त्याच्या आधीचं.

तर्रीवाला: माणूस मान्य. पण नगरसेवकाचा भाचा लागला तर? हजेरी कोण घेईल?

निवृत्त बाई: पोट्टेच घेतील. एक दिवस खाडा झाला की घरी जाऊन हाका मारतात ते.

तर्रीवाला: बरं, त्या बुटावाल्याचं काय झालं?

निवृत्त बाई: दहावीला बसला नाही. मागच्या वर्षी पेपरात आला. अल्पवयीन, म्हणून नाव छापलं नव्हतं. मी गल्लीवरून ओळखलं.