रविवारच्या पंगतीचा मेनू (सोसायटी ग्रुप)

वैशालीताई, बी-२०१: नमस्कार. मेनू पाहिला. वरण-बट्टी, शेवभाजी, आलू-मटर, जिलेबी, मठ्ठा. यात भाजी कुठे आहे?

नाना, ए-१०४: दोन-दोन भाज्या आहेत ताई. आचाऱ्याला विसार दिलेला आहे.

वैशालीताई, बी-२०१: शेव म्हणजे बेसन. आणि बटाटा जागतिक आरोग्य संघटना भाजीपाल्यात धरतच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये २००० कॅलरींचं ताट दिलंय. त्यात दिवसाला ४०० ग्रॅम भाजीपाला, १०० ग्रॅम फळं आहेत. चौघांच्या घरात रोज १ किलो ६०० ग्रॅम भाजी आली पाहिजे. पाव किलो मेथीत चार माणसं जेवतात तिथे हिशोब चुकतो.

प्रमोद (खजिनदार): सी-विंगच्या पाच घरांची वर्गणी बाकी. माणशी २५०.

भूषण, सी-३०३: खान्देशात राहून शेवभाजीला नावं ठेवता? कमाल आहे.

अण्णा, ए-००२: भो, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला. शेवेला नाही 😄 बट्टीसोबत घोटलेली वांग्याची भाजीच शोभते.

नाना, ए-१०४: विसार दिलेला आहे. परत सांगू राहिलो.

वैशालीताई, बी-२०१: विसार आचाऱ्याला दिलाय, शेवेला नाही. आलू-मटर काढा. ६० माणसांचा हिशोब देते.

वांगी माणशी १५० ग्रॅम, म्हणजे ९ किलो. हिरवी, देठ ताजा असलेली घ्या. दाबून मऊ लागली तर आत बिया निबर असतात, भाजी कडवटते. चिरल्याबरोबर मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळी पडतात.

कोशिंबीर माणशी ८० ग्रॅम, साधारण ५ किलो. साल-देठ जातात म्हणून मुळा, गाजर, काकडी, टमाटे मिळून ६ किलो आणा. मीठ पंगत बसताना घाला. तासभर आधी घातलं की मुळ्याला पाणी सुटतं आणि दाण्याचा कूट लगदा होतो. मागच्या वेळी तेच झालं होतं.

सोबत मेथीची पालेभाजी. ती आधी निवडा, मग धुवा, मग चिरा. मोठ्या पातेल्यात बुडवून पाला वर उचलायचा. पाणी ओतून दिलं तर तळाची माती परत पाल्यावर बसते. चिरून धुतली तर जीवनसत्त्वं पाण्यासोबत मोरीत. आणि आचाऱ्याला सांगा, हिरवा रंग टिकवायला सोडा टाकायचा नाही, त्याने क जीवनसत्त्व जातं.

भूषण, सी-३०३: एवढं तर दहावीला पण नव्हतं 🙏

सुनंदाकाकू, ए-२०२: धुण्यावरून आठवलं, टाकीचा व्हॉल्व्ह कोणी अर्धा बंद ठेवलाय? दुसऱ्या मजल्यावर पाणीच चढत नाही.

नाना, ए-१०४: काकू, त्याचा वेगळा विषय करा. विसार दिलेला आहे.

सुनंदाकाकू, ए-२०२: वेगळा विषय सहा महिन्यांपासून वेगळाच आहे.

भूषण, सी-३०३: फळ म्हणून केळी ठेवाल तर ती कार्बाइडची असतात.

अण्णा, ए-००२: सरसकट असं नाही भाऊ. कार्बाइडला बंदी आहे. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू सोडतात, त्याला परवानगी आहे. तो वायू केळ पिकताना स्वतःही सोडतं. शंका असेल तर शुक्रवारी कच्चट फण्या घ्या, एक पिकलेलं केळ घालून गोणपाटात झाका. फ्रीजमध्ये नको, १३ अंशांखाली साल काळी पडते. पालेभाजी त्याच्या शेजारी ठेवू नका, पिवळी पडेल.

सुनंदाकाकू, ए-२०२: शुगरवाल्यांनी काय करायचं?

वैशालीताई, बी-२०१: बट्टी, जिलेबी आणि वर केळ असं एकत्र नको. पेरू घ्या, सालासकट. ज्यूस काढू नका, चोथा गेला की नुसती साखर उरते. किडनीचा त्रास असलेल्यांनी केळ डॉक्टरांना विचारूनच, त्यात पोटॅशियम भरपूर. आणि रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी बंद करायची नसते, रोजचं प्रमाण एकसारखं ठेवायचं.

प्रमोद (खजिनदार): सी-विंग, चार घरं बाकी. भूषण, तुमचं पण.

भूषण, सी-३०३: शेवभाजी राहिली तर आत्ता पाठवतो.

नाना, ए-१०४: आचाऱ्याशी बोललो. शेवभाजी राहील, आलू-मटरच्या जागी वांग्याची. मेथी, कोशिंबीर करून देईल, पण निवडणं-चिरणं आपलं. समाधान झालं का?

वैशालीताई, बी-२०१: तर्री अर्धी करायला सांगा. पोषण संस्थेच्या त्याच ताटात दिवसभराचं वरून घालायचं तेल २७ ग्रॅम धरलंय.

नाना, ए-१०४: ते तुम्हीच सांगा त्याला. मी नाही.

अण्णा, ए-००२: बाजारातून वांगी मी आणतो. सकाळी सातला जिन्याखाली निवडायला बसू, सहा जण पुरे. विळी-चाकू आपापले, नाव टाकून आणा. सी-विंगमध्ये गेलेली वस्तू परत येत नाही.

भूषण, सी-३०३: 😡