नी-कॅप सरकते ती मापामुळे
नी-कॅप (गुडघ्यावर चढवायचा ताणला जाणारा कापडी पट्टा) सरकत असेल तर 'एक साइज लहान घ्या, सरकणार नाही' हा सल्ला मला पटत नाही. नी-कॅप बहुतेकदा सरकते ती माप चुकीच्या जागी घेतल्यामुळे. काही कंपन्या वाटीच्या मध्यावरचा घेर मागतात, काही त्याच्या चार-सहा इंच वर, मांडीचा. खोक्यावरचं चित्र बघूनच टेप लावा. लहान साइजची वरची कड मांडीत रुतते, गुडघ्यामागे कापडाची वळकटी होते, मग पोटरी सुजते, मुंग्या येतात. कडेखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. झोपताना काढाच.

आणि चालताना गुडघा अचानक सटकत असेल तर लिगामेंटला, म्हणजे सांध्याची हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याला, इजा झाल्याची शंका घ्या. तिथे साधी कापडी नी-कॅप कितीही घट्ट असली तरी गुडघा धरून ठेवत नाही; दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला ब्रेस लागतो, तोही ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवूनच.