टॅग गनने गोधडी टाचली तरी अस्तराला चुण्या पडतात, मदत हवी आहे (तातडीने)

चिंधीवेडी
पिना लावून बोटं सुजली म्हणून गन घेतली. टाचून झाल्यावर वरून छान दिसतं, पण मशीनवर घेतलं की खाली अस्तराला चुण्याच चुण्या. आज तिसऱ्यांदा उसवलं. शनिवारी गोधडी द्यायची आहे. काय चुकतंय?

सुईदोरा
कुठली गन? कपड्यांना किमतीची चिठ्ठी लावतात ती, की गोधडीसाठीची बारीक सुईची? प्लास्टिकचे टॅक, म्हणजे गनमधून निघून थर धरून ठेवणारे तुकडे, किती लांब? किती अंतरावर मारले? आणि टाचलं कशावर अंथरून?

जुनाटाका
गन ठेवून द्या. हाताच्या कच्च्या टाक्यासारखं काही नाही. मधून सुरुवात करून कडेकडे जायचं, वरचं कापड, आतलं भरण आणि अस्तर, तिन्ही थर जागचे हलत नाहीत. मी आजवर एकही गोधडी दुसऱ्या पद्धतीने केली नाही.

बॉबिन
त्यांना शनिवारी द्यायची आहे हो! डबलबेडची गोधडी हाताने टाचायला पूर्ण दिवस जातो. चिकटवायचा स्प्रे वापरा, अर्ध्या तासात काम होतं. फक्त खिडक्या उघड्या ठेवा.

जुनाटाका
स्प्रे जास्त झाला की सुईला चिकटा धरतो आणि टाके सुटतात. तो धुवून काढायचं कामही आलंच.

कापूसकोंडा
टॅक काढायच्या आधी चुकूनही इस्त्री फिरवू नका. प्लास्टिक वितळून कापडाला चिकटतं. माझी एक गोधडी अशीच गेली.

चिंधीवेडी
इस्त्रीचं विचारलं नव्हतं, तरी लक्षात ठेवते. गन चिठ्ठ्या लावायचीच आहे. टॅक मोजले, २५ मिमी भरले. अंतर साधारण एक वीत. पलंगावर अंथरून टाचलं, तेवढी मोठी जागा दुसरी नाही. एकदा खालची चादरही टाचली गेली.

सुईदोरा
मग दोष गनचा नाही. तिन्ही थर दाबले तर काही मिलिमीटरच भरतात, उरलेला टॅक सैल लोंबतो. तेवढे थर सरकणारच. गोधडीचे टॅक एक सेंटिमीटरच्या आतले असतात. अंतरही वीतभर नको, मूठभर हवं, ८ ते १० सेंमी.
पलंगावर तर नकोच. गादी दबते, अस्तर कुठे सैल पडलंय ते कळत नाही. टेबलावर प्लास्टिकची चौकटीची जाळी ठेवा, त्यावर अस्तर उलटं अंथरून कडांना क्लिपा लावा. कापड सपाट हवं, ओढून ताणलेलं नको. ताणलं तर क्लिपा काढताच ते आक्रसतं आणि पुन्हा चुण्या. सुई वरून घालून टाक्यासारखी परत वर काढायची आणि मग ट्रिगर दाबायचा. टॅकची दोन्ही टोकं वरच राहतात. सुईला वळायला जागा मिळावी म्हणूनच ती जाळी.

बॉबिन
हे पटलं. मशीनला वॉकिंग फूट आहे का, म्हणजे वरचा थरही खालच्याबरोबर सरकवणारा पाय? साधा फूट वरचा थर पुढे ढकलतो.

कापूसकोंडा
आत काय भरलंय? पॉलिस्टर असेल तर ते निसटतं. सुती बॅटिंग (आतलं भरण) कापडाला धरून राहतं.

चिंधीवेडी
पॉलिस्टर आहे, आता बदलता येणार नाही. वॉकिंग फूट आहे, पण लावला नव्हता. आणि वरच्या कापडाला भोकं पडलीत, ती जातील का?

सुईदोरा
चिठ्ठीच्या गनची सुई जाड असते. धागा तुटला नसेल तर पाणी शिंपडून नखाने हलकेच घासा, विणीतले धागे जागेवर येतात. घट्ट विणीच्या कापडावर मात्र ही गन नकोच. शनिवारपर्यंत छोटे टॅक आणि बारीक सुई मिळणार नसेल, तर टेबलावर पिनाच लावा. वाकड्या सेफ्टी पिना घ्या, बोटांना त्रास कमी होतो.

चिंधीवेडी
सगळे टॅक कापले. जाळी मिळाली नाही, टेबलावर टेपने अस्तर लावून पिना लावल्या, मुठीच्या अंतराने. वॉकिंग फूट लावून मधून दोन ओळी मारल्या, खाली एकही चुणी नाही. भोकंही बरीच बुजली. कडा उद्या करते. जुनाटाका, कडेला कच्चा टाका किती आत घालता?

जुनाटाका
कडेपासून अर्धा सेंमी. कडेची पट्टी लावली की आत झाकला जातो, काढायचीही गरज नाही.