राइट क्लिकच्या मेनूतली दुबार नावं: काढावीत की राहू द्यावीत?

कृष्णाकाठ (सांगली)

मार्केट यार्डाजवळ माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. हळदीचे सौदे सुरू झाले की अडत दुकानांची माणसं पेनड्राइव्ह घेऊन दारात उभी असतात. पट्ट्या (मालविक्रीचे हिशेब), ई-वे बिलं, बँकेचे कागद, सगळं पीडीएफमध्ये. फायलीवर राइट क्लिक करून 'ओपन विथ'वर गेलं की एकाच पीडीएफ रीडरचं नाव दोनदा दिसतं. चित्र तेच, अक्षरं तीच. वरचं दाबलं तर फाइल उघडते. खालचं दाबलं तर रीडरचं जुनं व्हर्जन सुरू होतं आणि पासवर्ड लावलेल्या बऱ्याच फायली ते उघडतच नाही. कामावर नवीन आलेल्या मुलीनं परवा खालचं दाबलं आणि "काका, तुमची फाइल खराब आहे" म्हणून सांगितलं. कवठेमहांकाळहून आलेला माणूस तसाच परत गेला. फाइल चांगली होती. मला फार वाईट वाटलं.

शोधल्यावर कारण मिळालं. 2019 च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं, मशीन गेलं, हार्डडिस्क वाचली. ती नव्या मशीनला डी ड्राइव्ह म्हणून जोडली. जुना रीडर तिच्यात तसाच पडून होता. कुणीतरी एकदा 'दुसरं अॅप निवडा' करून त्याची एक्झी फाइल (प्रोग्रॅम सुरू करणारी फाइल) दाखवली असणार. विंडोजनं ती रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंगं लिहून ठेवायची वही) त्या युजरच्या नावावर, 'अॅप्लिकेशन्स' या की-खाली (की म्हणजे रजिस्ट्रीतला कप्पा) लिहून ठेवली. नव्या रीडरनं इन्स्टॉल होताना पीडीएफ या प्रकारासाठी स्वतःची वेगळी नोंद केली. दोन्हींचे पत्ते, म्हणजे डिस्कवरच्या जागा, वेगळे, म्हणून विंडोजच्या लेखी ते दोन प्रोग्रॅम. मेनूत मात्र पत्ता दिसत नाही, फक्त नाव दिसतं.

माझं मत असं की ही नावं काढलीच पाहिजेत, आणि ज्याचं मशीन त्यानं ते शिकून घेतलं पाहिजे. तुमचं काय म्हणणं?

मिरज रिपेअर

दादा, अडचण खरी आहे. पण रजिस्ट्रीत हात घालायला सगळ्यांना सांगू नका. मी वीस वर्षं मशीन दुरुस्त करतोय आणि ही चूक स्वतः केली आहे.

एका लग्नपत्रिकेच्या प्रेसमध्ये ओपन विथमध्ये कोरलड्रॉ (डिझाइनचा प्रोग्रॅम) दोनदा दिसत होतं. मालक म्हणाले, एक काढून टाका. मी काढलं. ते निघालं व्हर्जन 12 चं. राहिलं ते एक्स3, म्हणजे त्याच्या पुढचं. ऑपरेटरला सवय अशी की जुन्या पत्रिका खालच्या नावानं उघडायच्या. आता एकच नाव उरलं, त्यानं त्यातच उघडल्या, नावं-तारखा बदलल्या, सेव्ह केल्या. प्लेट काढणाऱ्याकडे 12 च होतं, नव्या व्हर्जनची फाइल त्याच्याकडे उघडेना. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, सीझन भरात. त्या माणसानं दोन रात्री जागून फायली पुन्हा केल्या. दोन्ही नावं सारखी दिसत होती, पण दुबार नव्हती.

म्हणून मी गिऱ्हाइकाला एवढंच सांगतो: जुनं व्हर्जन नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन रीतसर अनइन्स्टॉल करा. बहुतेक वेळा नाव आपोआप जातं. नाही गेलं तर राहू द्या.

टायपिंगवाली (विश्रामबाग)

राहू द्या म्हणणं सोपं आहे दादा, दिवसभर क्लिक आम्ही करतो. दिवसाला दीडशे फायली उघडायच्या आणि प्रत्येक वेळी वरचं की खालचं हे आठवायचं. पाळी बदलली, दुसरी मुलगी बसली, की पुन्हा तेच. चुकलं तर बोलणी तिलाच बसतात. त्या कवठेमहांकाळच्या काकांइतकंच मला त्या मुलीचंही वाईट वाटलं. मेनूनं तिला फसवलं.

तुमच्या पत्रिकेच्या गोष्टीत ऑपरेटरला आधी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की दोन्ही लागतात. आम्हाला कुणी विचारत नाही.

कंदीपेढा (सातारा)

मी शाळेच्या ऑफिसात आहे. डबल क्लिकनं योग्य प्रोग्रॅम उघडेल असं एकदा लावून ठेवलं, राइट क्लिकची गरजच पडत नाही. एवढ्यासाठी रजिस्ट्री कशाला?

कृष्णाकाठ

सर, शाळेत चालत असेल. आमच्याकडे तीच पीडीएफ कधी नुसती छापायची, कधी कोरलमध्ये घेऊन मजकूर दुरुस्त करायचा. राइट क्लिकशिवाय दिवस जात नाही.

मिरजकर दादा, तुमची गोष्ट वाचून एक गोष्ट पटली: पत्ता बघितल्याशिवाय काहीही काढायचं नाही. पण 'राहू द्या' पटत नाही. माझ्या डी ड्राइव्हवरचा रीडर रीतसर इन्स्टॉलच झालेला नाही, नुसतं फोल्डर आहे. अनइन्स्टॉलच्या यादीत तो येणारच नाही. मग रजिस्ट्रीशिवाय मार्ग कोणता?

मिरज रिपेअर

तुमच्या बाबतीत नाही, हे मान्य. करणारच असाल तर असं करा. आधी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीला नेता येतं. मग रेजएडिटमध्ये (रजिस्ट्री उघडायचा प्रोग्रॅम) 'करंट युजर'खाली सॉफ्टवेअर, क्लासेस, अॅप्लिकेशन्स. तिथं त्या एक्झीच्या नावाच्या की-मध्ये शेल, ओपन, कमांड असं आत गेलात की पूर्ण पत्ता दिसेल. डी ड्राइव्हचा असेल तरच ती अख्खी की आधी एक्स्पोर्ट करा आणि मग डिलीट. पश्चात्ताप झाला तर एक्स्पोर्ट केलेल्या फाइलवर डबल क्लिक केलं की ती नोंद परत येते.

'क्लासेस रूट'मधून काढू नका. ते मशीनच्या आणि युजरच्या नोंदी एकत्र करून दाखवतं, तुम्ही नेमकी कुठली काढताय ते कळत नाही. एक्सप्लोररच्या 'फाइलएक्स्ट्स'मध्ये पीडीएफखाली 'ओपनविथलिस्ट' आहे, तिथं ए, बी, सी अशा अक्षरांपुढे एक्झींची नावं असतात. तुमच्या दोन्ही रीडरच्या एक्झीचं नाव एकच असेल तर त्या यादीला हात लावायची गरज नाही. दुसऱ्या कुणाचं अक्षर काढलंत तर 'एमआरयूलिस्ट'मधूनही (त्या अक्षरांचा क्रम लिहिलेली ओळ) ते अक्षर काढा. आणि शेजारच्या 'युजरचॉइस'ला (डबल क्लिकसाठी निवडलेला प्रोग्रॅम) अजिबात शिवू नका. विंडोज 8 पासून त्यावर हॅश, म्हणजे विंडोजची पडताळणीची खूण, असतो, हातानं बदललं की विंडोज ती निवड धरत नाही.

एवढं सगळं लिहिलं तरी माझं मत तेच आहे. हे दुकानात गर्दी असताना करायचं काम नाही, आणि दुसऱ्याच्या मशीनवर तर नाहीच.

टायपिंगवाली

आणि जिथं दोन्ही लागतात तिथं? नाव बदलता येत नाही का? एकापुढे 'जुनं' लिहिलं तरी आमचं काम होईल.

मिरज रिपेअर

येतं ताई. त्याच अॅप्लिकेशन्सखालच्या की-मध्ये 'फ्रेंडलीअॅपनेम' नावाची व्हॅल्यू टाकता येते, तिथं लिहाल ते नाव मेनूत दिसतं. अडचण एवढीच की ती की एक्झीच्या नावावर असते. कोरलच्या दोन्ही व्हर्जनची एक्झी एकाच नावाची, म्हणून तिथं एका वेळी एकाचाच पत्ता बसतो. दोन डेस्कटॉप शॉर्टकट करून त्यांना 12 आणि एक्स3 अशी नावं द्या, फाइल ओढून त्यावर सोडा. प्रेसमध्ये शेवटी मी तेच करून दिलं. आधी ऑपरेटरला विचारायला हवं होतं, हे तुमचं बरोबर आहे.

कृष्णाकाठ

रविवारी यार्ड बंद असतं. फक्त पहिल्या मशीनवर करतो, डी ड्राइव्हवालं. डिझाइनच्या मशीनला हात लावत नाही, तिथं मुलींना विचारून शॉर्टकट करतो. आणि कवठेमहांकाळच्या काकांचा नंबर पट्टीच्या जुन्या प्रिंटवर आहे, त्यांना आजच फोन करतो.