दिवाळीले बंगलोरहून नागपूर, तिकिटं परवडतीन अशी कशी काढा?

केळापूरचा_कास्तकार
राम राम मंडळी. लहाना भाऊ बंगलोरले कंपनीत हाय, तो, त्याची बायको आन् दोन लेकरं, एक सात वर्षाचं, एक दीड. औंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरले रविवारी हाय, त्याईले शुक्रवारी धनतेरसले निघाचं हाय. बिहारले जानाऱ्या संघमित्रा एक्स्प्रेसनं या म्हटलं तं रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आंधीच उघडते आन् दिवाळीवाले, छठवाले सारे तिच्यावरच तुटून पडते, उघडल्या उघडल्या वेटिंग. विमानाचं पाह्यलं तं चौघाचे मिळून एवढे पैसे दाखवते का कापूस इकूनबी पुरत नाई. वरून नागपूर ते आमचं गाव पांढरकवडा गाडीभाडं अलग. कोनाले मालूम असन तं सांगजा बाप्पा.

वणीची_ताई
भाऊ, चौघं एकदम टाकून सर्च करू नका. फ्लाईटमधे स्वस्त भावाच्या सीटा मोजक्याच असतात, त्या दोनच उरल्या असल्या आणि तुम्ही तीन मागितल्या तर बहुतेक वेळा तिघांनाही वरचाच भाव लागते. एकाचं पाहा, मग दोघांचं पाहा, फरक दिसला तर दोन बुकिंग करा, फक्त पोरगं मोठ्या माणसाच्या बुकिंगमधेच ठेवा. आणि चार सीटा कायले पाहिजे? दोन वर्षाच्या आतलं लेकरू मांडीवर चालते, इन्फंटचे थोडेच पैसे लागतात. पण वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात, म्हणून परतीची तारीख पण मोजा, जन्मदाखला सोबत द्या. शेवटच्या पानावर इन्शुरन्स, सीट, जेवण असं काहीबाही जोडलेलं असते, ते काढून टाका. बुकिंग साईटवर पाहिलेला भाव कंपनीच्या साईटवर पण ताडून पाहा, कन्व्हिनियन्स फी माणसागणिक लागते आणि दोन्हीकडे सारखी नसते.

बोंडअळी
ब्राउझरच्या इनकॉग्निटोमधे (हिस्टरी न ठेवनाऱ्या खिडकीत) पाहा ना भाऊ, स्वस्त दिसते

वणीची_ताई
काही नाही होत त्यानं. स्वस्त सीटा संपल्या की भाव चढते, तुमचा मोबाईल पाहून नाही.

हायवेवाला
मी तं म्हनतो नागपूरच कायले पाह्यजे? पांढरकवडा चव्वेचाळीस नंबर हायवेवर हाय, हैदराबाद-नागपूर ट्रॅव्हल्स तुमच्या दारावरूनच जाते. बंगलोर-हैदराबाद दिवसभर फ्लाईटा असते, कंपन्याबी जास्त, म्हनून भाव नागपूरएवढा नाई चढत. फक्त एक भानगड, विमानतळ शमशाबादले हाय शहराच्या दक्षिणेले, आन् आदिलाबादकडच्या, म्हंजे तुमच्या रस्त्याच्या, गाड्या सिकंदराबादच्या बाजूनं जुबली बस स्टेशनवरून सुटते. मंधात विमानतळाची पुष्पक बस हाय पन ट्रॅफिकमधे लय टाइम जाते, म्हनून सकाळची फ्लाईट धरा आन् रात्रीची ट्रॅव्हल्स. लेकराईले तरास होईन थोडा, पन पैशाचा फरक मोठा हाय.

पुसदकर
सगळी गर्दी दिवाळीआधी इकडे येते आणि भाऊबीजेनंतर तिकडे जाते, म्हणून महाग फक्त तेवढी एकच बाजू असते. त्याच दिवशी नागपूरहून बंगलोरला जाणारं विमान त्या मानानं स्वस्त मिळते, पाहून घ्या. मग आईबाबांनाच तिकडे पाठवा ना, जाताना स्वस्त, भाऊबीजेनंतर येताना पण स्वस्त, आणि तिकिटं दोनच. काही कंपन्या सिनियर सिटिझनला सूट पण देतात.

केळापूरचा_कास्तकार
पुसदकर भाऊ, गोष्ट बरोबर हाय पन तवा कापसाची वेचणी असते, माही माय वावर सोडून बंगलोरले गेली तं मीच लाडू वाटन. हैदराबादवालं जमन असं वाटते. परतीचं काय? भाऊबीज ११ले हाय, ऑफिस सोमवारी १६ले.

वणीची_ताई
म्हणजे सगळे १५ च्या रविवारीच निघणार, ती तारीख सोडा. गुरुवारी १२ ला सकाळची फ्लाईट नागपूरहून पाहा, किंवा भावाला घरून काम मिळत असेल तर सरळ मंगळवार १७. जायचं आणि यायचं एकाच कंपनीचं असलं पाहिजे असं काही नाही, अलग अलग काढा. आणि महिनाभर भाव पाहत बसू नका, दिवाळीचा भाव जवळ येता येता उतरत नाही सहसा.

केळापूरचा_कास्तकार
मंगळवारचं भावाले इचारतो, त्याचा साहेब तयार झाला तं काम फत्ते. हायवेवाले भाऊ, ट्रॅव्हल्स रातच्याले पांढरकवड्याले थांबते ना पन?

हायवेवाला
थांबते, पन बायपासवर. ड्रायव्हरले बसतानीच सांगून ठेवा लागते, नाईतं झोपेत पुढं हिंगणघाटले नेऊन टाकते. तुमी गाडी घेऊन बायपासले उभे राहा.